वेदनाशमनाचा न मांडलेला हिशेब

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. त्या दहांत बुलढाण्याचे महाविद्यालय होते. तेरा तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार २५ लाख ८६ हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळावयास स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे लागली, ही गोष्ट आनंदाची मानावी की खेदाची, हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. अशा वेळी चर्चा होते ती जागेची, इमारतींची, खाटांची आणि प्रवेशसंख्येची. हे सारे मोजता येते. म्हणून त्याची चर्चाही होते. जे सहसा मोजले जात नाही आणि म्हणून अंदाजपत्रकाच्या कोणत्याही शीर्षाखाली येत नाही, असे एक प्रकरण मात्र विचारात घेण्यासारखे आहे. ते म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची वेदना.

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती यकृताच्या शस्त्रक्रियेत. ही शस्त्रक्रिया बुलढाणा जिल्ह्यातील गावांत सहसा होत नाही. यकृतात गाठ निघालेला मोताळ्याचा वा संग्रामपूरचा रुग्ण नागपूरची, छत्रपती संभाजीनगरची किंवा थेट मुंबईची वाट धरतो. शेगाव, नांदुरा, मलकापूर ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत. खुद्द बुलढाणा शहरात मात्र आजही रेल्वे नाही. मलकापूरहून सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास करून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचणाऱ्या कुटुंबाला पहिला प्रश्न पडतो तो राहण्याचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ते भाग्य. ज्या संताने वऱ्हाडच्या मातीतून उठून रंजल्यागांजल्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, त्याच्या दूरदृष्टीचा लाभ आजही वऱ्हाडातल्याच रुग्णांना मुंबईत मिळतो आहे. या प्रवासात रुग्ण एकटा नसतो. त्याच्याबरोबर मुलगा, भाऊ वा पत्नी असते आणि त्या माणसाची मजुरी किंवा सोयाबीन-कपाशीच्या हंगामातील त्याचे काम बुडालेले असते. अर्थशास्त्राच्या भाषेत आजाराची ही खरी किंमत. पण ती कोणत्याही बिलावर छापली जात नाही.

आता शस्त्रक्रियेनंतर काय होते ते पाहू. यकृत उजव्या बरगड्यांच्या आड दडलेले असते. त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यचिकित्सक बरगड्यांच्या कडेखालून लांब छेद घेतो, पोटाचे स्नायू कापतो आणि बरगड्यांचा पिंजरा आकड्यांनी वर ओढून धरतो. यकृत स्वतः मोठे उदार इंद्रिय आहे. निरोगी यकृताचा सत्तर टक्क्यांपर्यंत भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. पण कापलेल्या पोटाची भिंत इतकी उदार नसते. प्रत्येक श्वासाला ती हलते आणि प्रत्येक हालचालीला दुखते. म्हणून रुग्ण उथळ श्वास घेऊ लागतो, खोकणे टाळतो, कुशीवर वळत नाही. फुप्फुसांचे खालचे भाग मिटून जातात, तेथे कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. अंथरुणावर पडून राहिल्याने पायांतील रक्त गोठण्याचा धोका वेगळाच. वेदना ही केवळ सहन करण्याची बाब आहे, या समजुतीला येथे मोठा तडा जातो. वेदना सहन करणारा रुग्ण शूर असेल, पण तो उशिरा बरा होतो.

मग वेदनाशामक औषधे द्यावीत, इतके हे सोपे नाही काय? यकृताच्या बाबतीत ते मुळीच सोपे नाही. कारण बहुतेक औषधांचा निचरा करणारे इंद्रियच येथे अर्धे झालेले असते. पॅरासिटामॉल यकृतावाटे जाते. त्याची मात्रा बेताने ठेवावी लागते. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात व रक्तस्रावाची भीती वाढवितात. मॉर्फिन प्रभावी खरे, पण त्याने गुंगी येते, मळमळते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि श्वास मंद होतो. शिवाय यकृत पुरेसे काम करीत नसेल तर रुग्णाची शुद्ध हरपू लागते. ही धोक्याची खूण आणि मॉर्फिनची गुंगी यांतला फरक ओळखणे अनुभवी डॉक्टरलाही अवघड जाते.

दुसरा मार्ग पाठीच्या कण्यातून देण्याच्या भुलेचा. कण्यातील मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक नळी ठेवून तीतून औषध सोडत राहिले, तर पोटाचा वरचा भाग बधिर राहतो. एपिड्युरल या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांत अनेक दशके आदर्श मानली गेली आणि वेदना थांबविण्याच्या कामात ती आजही कोणाला हार जात नाही. पण रक्त गोठविणारे घटक यकृतातच तयार होतात. यकृताचा मोठा भाग काढल्यावर पहिले तीन-चार दिवस रक्ताची गोठण्याची क्षमता बिघडलेली असते आणि नळी काढण्याची वेळही नेमकी तीच असते. त्या वेळी कण्यात रक्तस्राव झाला, तर गुठळीचा दाब मज्जारज्जूवर पडून पाय कायमचे लुळे पडू शकतात. असे क्वचितच घडते. पण ज्याच्या बाबतीत घडते त्याला टक्केवारीचे समाधान देता येत नाही. त्यातच एपिड्युरलने रक्तदाब खाली येतो; तो सावरण्यासाठी शिरेतून जास्त पाणी द्यावे लागते आणि यकृताच्या शस्त्रक्रियेत जास्त पाणी नको असते. शस्त्रक्रियेनंतर लवकर बरे होण्यासाठी करावयाच्या उपायांचा एकत्रित विचार डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात मांडला. त्या विचारातून उभ्या राहिलेल्या संस्थेने २०१६ मध्ये यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत खुल्या शस्त्रक्रियेसाठी एपिड्युरल सरसकट वापरण्याची शिफारस करता येत नाही, असे म्हटले गेले, ते उगाच नव्हे.

मधला मार्ग

या दोन टोकांच्या मध्ये जी पद्धत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुढे आली, ती ठरावीक भागापुरती नस बधिर करण्याची. डॉक्टर मंडळी तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. कल्पना नवी नाही. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला, तेव्हापासून ती चालत आली आहे. नवे आहे ते नेमकेपण. पोटाच्या भिंतीला संवेदना पुरविणाऱ्या नसा बरगड्यांच्या खालून निघून स्नायूंच्या दोन थरांमधून पुढे येतात. त्या थरांमधील फटीत बधिर करणारे औषध सोडले, तर नसेला स्वतंत्रपणे शोधण्याची गरजच राहत नाही. औषध पसरते आणि नसा गाठते. पोटाच्या भिंतीतील अशा ब्लॉकचे वर्णन २००१ साली प्रसिद्ध झाले. पुढे पाठीच्या कण्यालगतच्या उभ्या स्नायूखाली औषध सोडण्याची युक्ती कॅनडातील भूलतज्ज्ञांनी २०१६ साली मांडली आणि ती झपाट्याने जगभर पसरली. येथे सुई मज्जारज्जूपासून दूर राहते, हा तिचा मोठा गुण. एकदा दिलेले औषध काही तास, फार तर दिवसभर टिकते. अधिक काळ हवा असेल तर बारीक नळी ठेवून ते पुनःपुन्हा देता येते.

या पद्धतीचे गोडवे गाताना हात आखडता घेतलेला बरा. ब्लॉक दिल्यावर पहिल्या दिवसाची वेदना आणि मॉर्फिनची गरज कमी होते, एवढे म्हणण्यास आधार आहे. रुग्णालयातील मुक्काम किती दिवसांनी घटतो याविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. ब्लॉक पोटाच्या भिंतीची वेदना थांबवितो. आतल्या इंद्रियाची खोल कळ त्याने पूर्णपणे जात नाही. श्वासपटलाला धक्का लागल्यामुळे उजव्या खांद्यात जी विचित्र कळ येते, तिच्यापुढे तर पोटाच्या भिंतीतील ब्लॉक निरुपयोगीच ठरतो. शिवाय ब्युपिव्हकेनसारख्या औषधाचा निचराही यकृतच करते. मात्रा चुकली तर हृदयावर परिणाम होतो. त्यावर उतारा म्हणून शिरेतून देण्याचे चरबीयुक्त द्रावण शस्त्रक्रियागृहात हाताशी असावे लागते. म्हणून पॅरासिटामॉलची बेताची मात्रा, ब्लॉक आणि गरजेपुरते मॉर्फिन यांचा मेळ घालणे हे तज्ज्ञ माणसाचे काम आहे. ते कोणत्याही यंत्राचे किंवा कुपीचे काम नव्हे.

नेमका येथेच अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. ब्युपिव्हकेन आणि लिग्नोकेन ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत व त्यांची कमाल किंमत शासन ठरविते. यकृताच्या शस्त्रक्रियेच्या एकूण खर्चात या कुपीचा हिस्सा नगण्य असतो. मग एवढ्या स्वस्त गोष्टीचा प्रसार आपोआप का होत नाही? बाजारपेठेवर भाबडा विश्वास असलेल्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेचा ग्राहक आपण काय विकत घेतो आहोत हे जाणत नाही आणि म्हणून साध्या बाजाराचे नियम तेथे लागू पडत नाहीत. भुलेच्या बाबतीत हे तत्त्व टोकाला जाते. येथे तर ग्राहक झोपलेला असतो! जागा झाल्यावर त्याला दुखते. पण याहून कमी दुखू शकले असते हे त्याला कोण सांगणार? जी गोष्ट मिळू शकते हेच ठाऊक नाही, तिची मागणी कोणी करीत नाही.

पुरवठ्याच्या बाजूला याहून गुंतागुंतीचा प्रकार आहे. महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये साऱ्या राज्यात आली आणि पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ साली कुटुंबामागे वार्षिक संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय झाला. या योजनेत रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे एक ठोक रक्कम मिळते. तीत भूल, औषधे, खाट, भोजन, एवढेच काय रुग्णाच्या परतीचे भाडेही धरलेले असते. ठोक रकमेचा एक गुण असा की, रुग्ण लवकर घरी गेला तर रुग्णालयाचा फायदा होतो. त्यामुळे ब्लॉकला उत्तेजन मिळावयास हवे. पण ब्लॉक देण्यासाठी भूलतज्ज्ञाने अर्धा तास अधिक थांबावयाचे, त्याचे वेगळे पैसे त्याला नाहीत. वाचलेल्या खाटेचा लाभ रुग्णालयाच्या मालकाला. आणि सर्वांत मोठा लाभ, म्हणजे नातेवाइकाची वाचलेली मजुरी, तर या हिशेबाच्या पूर्णपणे बाहेर. ज्याला खर्च येतो त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ आहे त्याचे मत विचारले जात नाही. अशा परिस्थितीत स्वस्त आणि उपयुक्त गोष्ट वापरली गेली नाही, तर त्यात आश्चर्य कसले? ठोक रकमेच्या आत वेदनाशमनासाठी लहानशी वेगळी रक्कम राखून ठेवणे आणि ती प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हाती पडेल अशी तजवीज करणे, हा साधा उपाय आहे. शासनाच्या तिजोरीला त्याने खिंडार पडण्याची भीती नाही.

एकच यंत्र, दोन हेतू

पण बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि तो अधिक नाजूक आहे. स्नायूंच्या थरांमधली फट डोळ्यांना दिसत नाही. ती सोनोग्राफी यंत्राच्या पडद्यावर पाहूनच सुई टोचावी लागते. हे तेच यंत्र आहे, ज्याने गर्भातील मुलींचा बळी घेतला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या बुलढाणा जिल्ह्यात २००१ मध्ये ९०८ होती, ती २०११ मध्ये ८५५ वर आली. जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातले हे आकडे आहेत. ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था व डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर अंमलबजावणीला धार आली. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. २०१२ मध्ये नियमांत अशी भर पडली की, फिरते सोनोग्राफी यंत्र ज्या रुग्णालयाच्या नावे नोंदले आहे त्याच्याच आवारात तेथल्या आंतररुग्णांसाठी वापरावे, किंवा मग ते फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग असावे. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरने जिल्ह्यातील दोनहून अधिक केंद्रांत काम करू नये, असाही नियम आला.

हे नियम आवश्यक होते. ज्यांना ते जाचक वाटतात, त्यांनी वरचे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. तथापि तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ कसे काम करतात, हे पाहिले पाहिजे. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर यांसारख्या गावांत प्रत्येक लहान रुग्णालयाला स्वतःचा पूर्णवेळ भूलतज्ज्ञ परवडत नाही. एक भूलतज्ज्ञ सकाळी एका रुग्णालयात सिझेरियनला, दुपारी दुसरीकडे हर्नियाला आणि रात्री तिसरीकडे मोडलेल्या मांडीच्या हाडाला भूल देतो. बोलावणे आले की निघावयाचे, असा हा व्यवसाय. त्याने स्वतःचे लहान यंत्र गाडीत घालून नेले तर तो कायद्याचा भंग होतो आणि प्रत्येक रुग्णालयाने स्वतःचे यंत्र घ्यावे तर ते परवडत नाही. परिणामी ब्लॉकचे शिक्षण घेऊन आलेला तरुण भूलतज्ज्ञही येथे आला की ती विद्या गुंडाळून ठेवतो व पूर्वीसारखे इंजेक्शन लिहून देतो. यकृताच्या शस्त्रक्रियेत पारखून घेतलेली पद्धत सिझेरियन झालेल्या बाईच्या किंवा खुब्याचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्याच्या उपयोगाला आली असती. संख्येने पाहिले तर तिचा खरा उपयोग तेथेच आहे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि त्यावरचे अपघात कोणाला नवे नाहीत. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बस जळून पंचवीस जण मृत्युमुखी पडले, ती घटना सर्वांना आठवते. अशा अपघातांत बरगड्या मोडून येणाऱ्यांना श्वास घेता यावा यासाठीही हेच ब्लॉक वापरले जातात.

एका स्त्रीच्या जन्माचे रक्षण करणाऱ्या नियमाने दुसऱ्या स्त्रीच्या बाळंतपणातील वेदना वाढावी, असा कायदा करणाऱ्यांचा हेतू खचितच नव्हता. हा पेच सुटू शकतो. नसा पाहण्यासाठी लागणारा शोधक त्वचेजवळचे सूक्ष्म दृश्य दाखवितो. गर्भ पाहण्यासाठीचा शोधक वेगळा असतो. खोलवरचा शोधक जोडताच येणार नाही अशा यंत्रांची स्वतंत्र वर्गवारी करावी, त्यांतील प्रत्येक वापराची नोंद आपोआप साठविली जावी आणि अशा यंत्रापुरती भूलतज्ज्ञाला ठरावीक रुग्णालयांत फिरण्याची मुभा असावी, असा नियम करणे शक्य आहे. यात पळवाट निघेल ही शंका रास्त आहे, कारण या जिल्ह्याने पळवाटांची किंमत मोजली आहे. म्हणून मुभा देण्याआधी यंत्राची तांत्रिक तपासणी हवी, केवळ विक्रेत्याचे प्रमाणपत्र पुरेसे नाही.

मॉर्फिनच्या बाबतीत आपण याच वाटेने एकदा गेलो आहोत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने व्यसनाला आळा घालण्याच्या हेतूने इतके परवाने लादले की, कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळेनासे झाले. तेही नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकविणाऱ्या देशात. ती चूक दुरुस्त करणारी सुधारणा संसदेने केली ती २०१४ साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी. सोनोग्राफीच्या नियमांबाबत तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

नव्या महाविद्यालयाकडून यकृताच्या शस्त्रक्रियेची अपेक्षा आज कोणी करणार नाही, करूही नये. परंतु तेथे भूलशास्त्राचा विभाग उभा राहताना ब्लॉक शिकविण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून करता येईल आणि मुंबई-नागपूरहून शस्त्रक्रिया करून परतलेल्या रुग्णाच्या वेदनेची चौकशी करणारा एक बाह्यरुग्ण कक्षही चालविता येईल. असा रुग्ण टाके घेऊन गावी येतो आणि पोट दुखू लागले की कोणाकडे जावे हे त्याला कळत नाही. मग तो मेडिकल दुकानातून गोळी आणतो. आणि ती नेमकी मूत्रपिंडाला वा उरलेल्या यकृताला न सोसणारी असू शकते.

यंत्रांच्या परवानगीपुरते बोलावयाचे तर, जिल्ह्यातल्या सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी करणारे सक्षम प्राधिकारी जिल्हा शल्यचिकित्सक असतात आणि शासकीय रुग्णालयांत भूलतज्ज्ञ मिळत नसल्याची तक्रारही त्यांच्याच टेबलावर येते. दोन्ही फायली एकाच खोलीत आहेत. नियम बदलणे दिल्लीच्या हातात असले, तरी त्याची गरज कोणत्या गावात, कोणत्या रुग्णालयात आणि वर्षाकाठी किती शस्त्रक्रियांमागे आहे, याचा तपशील याच खोलीतून वर जाऊ शकतो.